फेस नक्की कोणाचा?

तीर्थरूप मावशीस,

हातातली नमुन्याची बाटली खाली ठेवून दोन्ही हातांनी नमस्कार. तुझी कंबर कशी आहे? काकांचा खोकला हटला का? मी बरा आहे, म्हणजे सरकारी खुर्चीत माणूस जितका बरा असतो तितका.

नदीवरचा फेस उडून स्वयंपाकघरात येतो, ही तुझी तक्रार आमच्या पर्यावरण मंडळात पोचली. (नेमकी माझ्याच टेबलावर, हे माझं नशीब.) आमचं मंडळ कसं जन्मलं ते तू पाहिलंच आहेस. नदीतले मासे मेले, लोक रस्त्यावर उतरले, तेव्हा सरकारने पाणी तपासणारं एक खातं आणि धूर तपासणारं दुसरं खातं उचलून एका इमारतीत कोंबलं आणि बाहेर पाटी लावली. पाटी एक झाली, चुली वेगळ्याच राहिल्या. (मधल्या पंख्यावरून दोघांचं बोलणं अजून बंद आहे.) कारखान्यांना वेसण घालायची हे आमचं काम, पण फेसाने आमचीच फजिती केली. पाणीवाले म्हणतात, उडाला की तो हवेचा. हवावाले म्हणतात, ओला आहे ना, मग पाण्याचा. शेवटी एकत्र पाहणी ठरली. पुलावर एका बाजूला मी बाटली धरून, दुसऱ्या बाजूला हवावाला यंत्र धरून, मधे साहेब. तेवढ्यात साबणाच्या कारखान्याकडून वारा सुटला आणि साहेबांच्या टकलावर हा एवढा फेस येऊन बसला. आम्ही दोघांनी पाहिलं, हात कुणीच लावला नाही, कारण हद्दीचा प्रश्न होता. साहेबांनी रुमालाने तो पुसला आणि तिथेच निकाल दिला, की खाली बसलेला फेस म्हणजे कचरा, आणि कचरा नगरपालिकेचा. मला हसू फुटणार होतं, मावशी. मग पुलावरून तुझं घर दिसलं. खिडक्यांना तू ओल्या चादरी बांधल्या होत्यास. फार वाईट वाटलं.

तुझा भाचा

ता. क. तक्रार मागे घेतलीस तर सगळ्यांचंच भलं होईल. मला नोकरीत कायम करण्याचा कागद साहेबांकडे सहीला आहे.

ता. क. २. वरचा ता. क. साहेबांनी समोर बसून लिहून घेतला. बाकीचं पत्र लांब होतं म्हणून त्यांनी वाचलं नाही. तक्रार अजिबात मागे घेऊ नकोस. बाटलीतला फेस मी बाहेर तपासून घेतला, निकाल वाईट आहे, आणि तो मी माझ्या सहीने तुझ्या तक्रारीला जोडला. काकांना घेऊन लगेच माझ्याकडे राहायला ये. खोली लहान आहे, पण त्यांच्याजवळ बसायला कोण, ही काळजी करू नकोस. पुढच्या महिन्यापासून मी दिवसभर घरीच असेन.