आबांची बॅग

संचिता,

आबांना तलावपाळीला फिरवायला नेतोय. अगं, आज त्यांच्या स्मरणशक्तीची तपासणी झाली. डॉक्टरांनी पाच शब्द एकेक करून, थांबून थांबून सांगितले, तर अर्ध्या तासाने आबांनी पाचही बरोब्बर सांगितले! आपण रोज चपला घालता घालता एका दमात गोळी, गॅस, पार्सल सगळं सांगतो. ते डोक्यात शिरतच नाही, मग लक्षात राहणार कुठून? आणि आपण त्यांनाच विसरभोळे ठरवलं.

कोलशेतच्या वृद्धाश्रमाचं मात्र आपण त्यांना समोर बसवून, सावकाश, एकदाच सांगितलेलं. आज रिक्षात म्हणाले, "पंधरा तारखेला ना रे? बॅग भरलीये मी."

पलंगाखाली खरंच आहे. आम्ही यायच्या आत रिकामी कर, कपडे कपाटात लाव.

ऋतुराज