ब्रिम कोव्हचा भोंगा

२ जून

पोचले एकदाची! बोटीतून उतरताना टोपी उडाली ती थेट पाण्यात, आणि धक्क्यावरच्या बाप्यांनी टाळ्या वाजवल्या. ब्रिम कोव्हमध्ये माझं स्वागत हे असं झालं. माझं गाव उपसागराच्या पलीकडच्या काठावर, म्हणून इथे मी लगेच 'पलीकडची थेल्मा' झाले. इथे रस्ता नाही, मोबाइल चालत नाही, येणं-जाणं बोटीनेच.

मुक्काम ड्रूसी मावशीकडे. ती सगळ्या गावाचीच मावशी आहे. तिने खारवलेला कॉड मासा आणि वर चरबीचे कुरकुरीत तुकडे असं ताट भरून वाढलं. संपवलं नाहीस तर आल्या बोटीने परत धाडीन, असा दमही दिला. मला ती फार आवडली.

४ जून

किनारी गावांच्या विकास मंडळात आम्ही दोघीच. मॉरीनबाई शहरात बसून फोनवरून हुकूम सोडतात आणि मी इथे धावते. बंद पडलेला मासळीचा कारखाना पुन्हा सुरू करायचाय. आता कॉड नाही, समुद्रकाकडी, म्हणजे समुद्राच्या तळाशी लोळणारा एक लिबलिबीत जीव. जाळ्यात आली की माझे वडील जिला शिव्या घालून परत फेकायचे, ती आता सुकवून चीनला विकायची. कारखान्याचे राखणदार हेडली काका म्हणाले, "पोरी, हे पैसे देऊन खाणारा माणूस मला एकदा दाखव, मग मी मरायला मोकळा."

खरं सांगायचं तर मला त्या काकडीचं काही पडलेलं नाही. कारखाना सुरू झाला की मुकादमाची जागा क्लेटनला मिळणार आहे. लग्न झाल्यापासून माझा नवरा हजारो मैलांवर आल्बर्टात तेलाच्या कामावर असतो आणि पाहुण्यासारखा घरी येतो. मला तो रोज संध्याकाळी घरात हवाय. त्यासाठी मी काकड्याच काय, दगडसुद्धा विकेन.

९ जून

कारखान्याच्या छपरावर जुना भोंगा आहे. तो का बंद केला कोणी सांगेना, म्हणून मीच मिस्त्री बोलावून दुरुस्त करून घेतला. वर एक यंत्रही बसवलं, म्हणजे धुकं दाटलं की भोंगा आपोआप वाजेल. बोटींना वाट कळेल आणि पर्यटकांनाही गंमत वाटेल. मॉरीनबाई खूश झाल्या. हेडली काका मात्र हातातला चहा तसाच ठेवून निघून गेले. म्हातारपणी माणूस रुसका होतो.

१३ जून

काल दुपारी पहिलं धुकं आलं आणि भोंगा काय वाजला! मी हौसेने बाहेर आले, तर गावातली सगळी दारं बंद. ड्रूसी मावशीने मला दंडाला धरून आत ओढलं आणि कडी घातली.

आज सकाळी कारखाना उघडला. नव्या कामगारांसाठी टांगलेली एप्रनं ओली होती. छप्पर गळत असेल म्हणून पाहिलं, तर छप्पर ठीक आहे. एप्रनांना खाऱ्या पाण्याचा वास येतोय.

१४ जून

मावशीला खोदून खोदून विचारलं. कणीक मळता मळता, मान वर न करता ती बोलली. या गावात धुक्यात कोणी कोणाला हाक मारत नाही. हाक मारली की ज्याला मारली तोच येतो असं नाही. बोटीतल्या माणसाने वल्ह्याने बोटीच्या काठावर ठोके द्यायचे आणि किनाऱ्यावरच्याने धक्क्याच्या खांबावर द्यायचे. लाकडाचा आवाज ऐकल्याशिवाय दार उघडायचं नाही.

लाकूडच का, असं मी विचारलं. ती म्हणाली, "अगं, बुडालेल्याच्या हातात लाकूड टिकत नाही. टिकलं असतं तर बुडाला असता का?"

आणि भोंगा ही तर सगळ्यांत मोठी हाक. त्यातून कामावर या म्हणून मारलेली. कॉडच्या दिवसांत एकदा धुक्यात भोंगा वाजला, एका बोटीतली सगळी माणसं वर आली, निमूट टेबलांपाशी उभी राहून मासे कापू लागली. त्यांची बोट आदल्या दिवशीच बुडाली होती.

मी हसले. मावशी हसली नाही.

१९ जून

काल पुन्हा धुकं, पुन्हा भोंगा. आज सकाळी रबरी हातमोजे पाहिले, ते आतून ओले होते. पाण्यातून कारखान्यात चढणाऱ्या उताराच्या फळ्यांवरून बुटांचे ठसे टेबलांपर्यंत आलेत. परत गेल्याचा एकही ठसा नाही. मला भीती वाटते, आता लपवण्यात काय अर्थ आहे?

२० जून

यंत्र बंद केलं. आता वरच्या ऑफिसातलं बटण हाताने दाबलं तरच भोंगा वाजेल. मॉरीनबाईंना तार जळाली म्हणून खोटं सांगितलं. हेडली काका म्हणाले, बटण बंद करून काय होतंय, भोंगा काढून समुद्रात टाक. काढीन, पण उद्घाटन होऊ दे. मंत्री येणार आहेत. कारखाना अडला तर क्लेटनने करायचं काय? त्याने तिकडची नोकरी सोडलीसुद्धा!

संध्याकाळी त्याचा फोन आला. मंगळवारी पलीकडून भावाची बोट घेऊन एकटाच येतोय. त्याला इथली रीत सांगितली. हसला, म्हणाला, आपले जुने ठोके देईन. लग्नाआधी आमच्या दारावर द्यायचा ते. दोन घाईचे, मग थांबून एक. माझे वडील आतून ओरडायचे, मेल्या, दार मोडशील!

२४ जून, मंगळवार, दुपार

क्लेटन सकाळीच निघाला. निघताना बोटीतल्या रेडिओवरून माझ्याशी बोलला. त्यानंतर काही नाही. आणि धुकं, इतकं की ऑफिसच्या खिडकीतून धक्कासुद्धा दिसत नाही.

हेडली काका खांबावर ठोके देतायत. उत्तर नाही.

२४ जून, संध्याकाळ

काकांचे हात सोलवटले. धुकं उठल्याशिवाय बोट काढता येत नाही म्हणाले. मला घरी चल म्हणाले, मी नाही गेले. जाताना त्यांनी बटणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाले, "नको हं, पोरी."

खाली खडक आहेत. त्याला किनारा कुठे ते कळायला नको? मी नुसती बसून राहू?

—

दाबलं. दाबून धरलं. देवा, माफ कर, पण तो माझा आहे.

—

पावलं. उतारावर. खिडकीच्या अगदी खाली पिवळा कोट दिसला, त्याचाच, खांद्याला मी शिवलेलं ठिगळ — धावत खाली गेले, कडी काढली —

आला! आला गं बाई, आला!

—

वर ऑफिसात शेगडीपाशी बसलाय. गारठलाय बिचारा. चहा दिला, घेतला नाही. खुर्चीखाली पाणी साचतंय. केव्हाचं साचतंय. त्याला ऊब येईपर्यंत लिहीत बसलेय.

पाठ माझ्याकडे आहे. क्लेटन म्हटलं. वळला नाही.

खाली टेबलांपाशी कोणीतरी हातमोजे चढवतंय. रबराचा आवाज — एक नाही, बरेच —

मी ठोके ऐकले होते का? दार उघडताना — नाही. पावलंच फक्त. मी ऐकायला थांबलेच नाही —

—

आत्ता. बाहेरून. लांब, पाण्यावरून. लाकडावर.

दोन घाईचे. मग थांबून एक.

तो अजून तिथे आहे. जिवंत आहे. किनारा शोधतोय, मला उत्तर द्यायला हवं, लाकूड, टेबलावर तरी — पण खिडकी उघडायला हवी आणि ती या शेगडीपाशी बसलेल्याच्या पलीकडे, आणि हा खुर्चीवरून उठ