गोठ्यातली चांदमारी

वळवण, लोणावळा
१७ जानेवारी १९३७

ती. स्व. आक्का यांसी,
सोपानचा सा. न. वि. वि.

संक्रांतीचा तीळगूळ पोचला. डबा उघडताच बाया आणि गेणूने निम्मा फस्त केला. उरलेला सरूने कुठे लपवला ते मलाही सांगत नाही.

आक्का, तुला आवडणार नाही अशी गोष्ट लिहायची आहे. दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी म्हणून लिहितो. मंगळवारी मी रेल्वेच्या कामावरून घरी आलो तर पोरांनी माळ्यावरची ती हवेची बंदूक खाली काढलेली. होय, तीच. माझ्या साहेबाने विलायतेला जाताना दिलेली, जिच्यातून मी झाडलेला छर्रा दगडावरून उसळला आणि दाजींचा डोळा गेला. बारा वर्षे पोत्यात गुंडाळून ठेवली होती. गेणूने ती धरली होती आणि नळी बायाच्या तोंडाकडे होती. छर्रा नव्हता, पण ते गेणूला कुठे ठाऊक?

दुसऱ्या दिवशी बंदूक घेऊन मी खंडाळ्याला गेलो. दरीत फेकावी असे ठरवून कड्याशी उभा राहिलो. मग विचार आला, ही फेकली तरी इथल्या निम्म्या बंगल्यांत अशाच बंदुका भिंतीला टांगलेल्या आहेत आणि पोरे त्या अंगणांतून रोज फिरतात. ज्याला काही शिकवलेले नाही असा पोर उद्या तिथे ती हातात घेईल. म्हणून परत आणली.

म्हशी विकल्यापासून आपला लांब गोठा रिकामा आहे. तिथे घरच्या माणसांसाठी नेमबाजीची जागा करायची, नीट, आणि पोरांना शिकवायचे. परवानगी मागत नाही, आक्का. सांगतो आहे.

रागावलीस तरी पत्र पाठव, एवढे मागणे.
तुझा धाकटा,
सोपान

तळेगाव दाभाडे
२१ जानेवारी १९३७

चि. सोपान यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दिवसभर हातून काही धड झाले नाही. भात करपला. यांनी विचारले काय झाले, मी म्हटले काही नाही.

तुझी हिंमत कशी होते? यांचा उजवा डोळा मी रोज बघते. त्या बाजूने कोणी हाक मारली की हे दचकतात. ताटात उजवीकडे वाढलेले कधी कधी तसेच राहते, म्हणून मी सगळे डावीकडे वाढते. यांनी तुला एका शब्दाने कधी बोल लावला नाही, म्हणून तू सगळे विसरलास का? फिटर झालास, लोखंड वाकवायला शिकलास, म्हणून छऱ्यालाही वळवशील असे वाटते?

माझी मुले सुट्टीत तुझ्याकडे येणार नाहीत. मीही नाही. ती बंदूक भट्टीत घाल आणि मला कळव.

सरूची प्रकृती सांभाळ. तिला म्हणावे, नवऱ्याला आवर.
तुझे बरेच चिंतणारी,
विठाबाई

वळवण
७ फेब्रुवारी १९३७

ती. स्व. आक्का यांसी,
सा. न. वि. वि.

तुझे पत्र मी गोठ्यात खिळ्याला लावले आहे. काम करताना समोर असावे म्हणून.

विसरलो नाही. विसरलो असतो तर चार पाट्या ठोकून मोकळा झालो असतो. काय काय केले ते लिहितो. गोठा तीस फूट लांब आहे. खिडक्या आतून फळ्या ठोकून बंद केल्या. दार एकच आणि तेही नेम धरणाऱ्याच्या पाठीमागे, म्हणजे पुढून कोणी अचानक आत येणार नाही. दुसऱ्या टोकाला पत्र्याची मोठी पेटी केली. तिच्या आत जाड पत्रा तिरपा बसवला, तळाशी वाळू. छर्रा पत्र्यावर आपटून खाली वाळूत जायचा. चुकलाच तर पेटीमागे दोन जुन्या घोंगड्या सैल टांगल्या आहेत. ताठ बांधली तर छर्रा उसळतो, सैल सोडली तर घोंगडी त्याला गिळते.

मग गेल्या रविवारी एकट्याने आत कडी लावून, कारखान्यात लोखंड घासताना लावतो तो जाड काचेचा चष्मा लावून, दोनशे छर्रे झाडले. जमिनीवर सरूची दोन पांढरी लुगडी अंथरली होती, परत उडालेला छर्रा दिसावा म्हणून. तीन छर्रे लुगड्यांवर सापडले. एक तर पेटीपासून आठ फुटांवर आला होता.

आक्का, तो छर्रा उचलून मी पेटीत डोकावलो. पत्रा हवा तितका तिरपा नव्हता. सगळे उसकटले, पत्रा आणखी कलता केला, पेटीच्या तोंडाशी गोणपाटाचा पडदा लावला. पुन्हा दोनशे. लुगड्यांवर एकही नाही. तिसऱ्यांदा दोनशे. एकही नाही. आता सरू विचारते, माझ्या लुगड्यांना काळे डाग पाडलेस त्याचे काय?

कडू लिही, पण लिही.
सोपान

तळेगाव दाभाडे
१० फेब्रुवारी १९३७

चि. सोपानराव यांस,
दत्तोबाचे आशीर्वाद.

तुझी दोन्ही पत्रे मला डाळीच्या डब्यात सापडली. तुझ्या बहिणीने लपवली होती. मी वाचली हे तिला सांगितले आहे. ती दोन दिवस बोलत नाही.

माझ्यापुरते सांगतो. नेम धरताना लोकांना एक डोळा मिटावा लागतो, मला तेवढे कष्ट नाहीत. बंदूक डाव्या खांद्याला लावायची सवय मात्र करावी लागेल. मी येईन. पण विठा येईल तेव्हाच येईन. तिला डावलून नाही. तेव्हा पत्र्याचे पुष्कळ लिहिलेस, आता माणसांचे लिही. तिथे उभी राहणारी माणसे कशी वागतात? त्या दिवशी आपल्या अंगणात पत्रा नव्हता हे खरे, पण थांबा म्हणणाराही कोणी नव्हता.

माया कमी करू नये.
दत्तोबा

वळवण
२२ फेब्रुवारी १९३७

ती. स्व. आक्का व दाजी यांसी,
सा. न. वि. वि.

दाजींनी विचारले तेच नेमके काल घडले. जसे घडले तसे लिहितो, माझी फजिती झाली ती सुद्धा.

आमचे नियम असे. जमिनीवर चुन्याची रेघ आहे, तिच्या पुढे कोणी जायचे नाही. एका वेळी रेघेवर एकच. बंदुकीची नळी मोडूनच, म्हणजे बिजागरीपाशी दुमडून उघडी करूनच, हातात द्यायची, छर्रा रेघेवर उभे राहून घालायचा. पुढे जायचे तर आधी नळी मोडून बंदूक खाली ठेवायची. चष्मा सगळ्यांना. शिसे हाताला लागते म्हणून बाहेर पडताना साबणाने हात धुवायचे. छर्ऱ्यांची डबी आणि गोठ्याची किल्ली सरूच्या कमरेला असते. तिने थांबा म्हटले की थांबायचे, मी असलो तरी. हे मीच ठरवले, कारण मला माझाच भरवसा नव्हता.

गंमतही आहे हो. दोऱ्याला बत्तासे टांगतो. लागला की पांढरा भुगा उडतो आणि पोरे हसून लोळतात. बाया कागदावर वाघ काढते, पण त्याचे तोंड शेजारच्या सावकाराच्या मांजरासारखे येते.

तर काल महिपती सुभेदार आले होते. मेसोपोटेमियाच्या लढाईत मी त्यांच्या हाताखाली होतो, तुम्हाला ठाऊक आहे. त्यांच्यासमोर आजही माझे पाय जुळतात. त्यांनी दहा छर्रे मारले, आठ नेमके बसले. मग भरलेली बंदूक घेऊन ते दाराकडे वळले. अंगणातल्या शेवग्यावर पारवा बसला होता. म्हणाले, सोपान, कागदावर काय मारतोस, हा बघ. अंगणात शेजारच्या झुंबरबाईची पोरे खेळत होती.

माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, आक्का. सुभेदार साहेबांना नको म्हणायची जिभेला सवयच नाही. सरू मात्र दारात आडवी उभी राहिली. पदर डोक्यावर, आवाज खणखणीत. म्हणाली, आबा, हितं न्हाई. तोंड पेटीकडं करा, न्हाईतर नळी मोडून माझ्याकडं द्या. सुभेदार लालबुंद झाले. म्हणाले, मी लढाई केलीय बाई, मला शिकवतीस व्हय? ती म्हणाली, व्हय, लढाई तुमची, गोठा माझा.

मग त्यांनी नळी मोडली, बंदूक तिच्या हातात ठेवली आणि चहा न घेता गेले. मला वाईट वाटले. सरूला नाही. तिने डबी मोजली आणि कुलूप लावले.

कदाचित ते पुन्हा येणार नाहीत. नियम मात्र तेच राहतील.
तुमच्या मायेचा,
सोपान

तळेगाव दाभाडे
२६ फेब्रुवारी १९३७

चि. सोपान यास,
आशीर्वाद.

तुझे पत्र मी तीनदा वाचले. आता मी लिहिते ते तूही नीट वाच. यांना मी हे कधी सांगितलेले नाही.

त्या दिवशी मी ओसरीवर तांदूळ निवडत होते. तू दगडी गडग्यावर नेमासाठी डबा ठेवलास. मला दिसत होते की हे गडग्याच्या फार जवळ उभे आहेत. शब्द अगदी ओठांवर आला होता. पण तू लढाई करून आलेला, हे घरचे जावई, दोघे हसत होता. पुरुषांच्या खेळात बाईने कशाला तोंड घालायचे, असे मनाशी म्हणून मी खाली मान घालून तांदूळ निवडले. मग आवाज झाला.

बारा वर्षे मी तुझ्यावर रागावले. स्वतःवर रागावण्यापेक्षा ते सोपे होते.

सरू उभी राहिली तशी मी उभी राहिले नाही. आता राहीन. सात मार्चला रविवार आहे. सकाळच्या गाडीने आम्ही चौघे येतो. रेघेच्या मागे कुठे उभे राहायचे ते मला सरू दाखवील, तू नको.

भेटीची वाट बघणारी,
विठाबाई

तळेगाव दाभाडे
९ मार्च १९३७

चि. सौ. सरू हिस,
वन्संचे पोटभर आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. मुले अजून बत्तासे मागतात आणि ते खाण्यासाठी नाही. तुझी पुरणपोळी यांना फार आवडली, हे यांनी मला तीनदा सांगितले, म्हणजे माझ्या पुरणात काय कमी आहे ते समजले.

सोपानला सांग, मी रविवारी ओरडले त्याचे त्याने मनावर घेऊ नये. चूक यांची होती. डाव्या खांद्यावरून पहिल्यांदा कागदावर छर्रा लागला आणि हे पोरासारखे बघायला पुढे धावले. बंदूक यांनी नळी न मोडता तशीच सोपानच्या हातात दिली होती. थांबा, हा शब्द माझ्या पोटातून कसा आला मलाच कळले नाही. यांचा पाय रेघेवर तसाच राहिला, सोपानने नळी मोडली, तुझ्या गेणूच्या हातातला बत्तासा खाली पडला. तू हसलीस ते मी पाहिले.

आता तुलाच म्हणून लिहिते. परतताना कामशेत मागे पडले. मी मनाशी ठरवले होते, म्हणून गाडीतच त्या दिवशीचे तांदळाचे सगळे सांगून टाकले. यांनी ऐकून घेतले. म्हणाले, तू ओसरीवर होतीस हे मला माहीत होते, विठा. मी गडग्याकडे बघतच नव्हतो. नवी हिरवी साडी नेसली होतीस, तू बघतेस का ते बघायला मी मान वळवली आणि तेवढ्यात ते लागले. उजव्या डोळ्याने शेवटचे मी तुला बघितले, वाईट काय त्यात?

डब्यात माणसे होती, सरू. मी वडगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

मुलांना माझा गोड पापा. तुझ्या घरी आमची वर्दळ आता वाढेल, ती गोड मानून घ्यावी.
तुझी,
विठाबाई