दोघांत मिळून एक पदवी

मी, खाली सही करणारी, निवृत्त दंतवैद्य, वयाची सत्तरी ओलांडलेली, हे लिहून ठेवते की माझे डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला आमच्या डॉक्टरांनी दिला असून तो सोबत जोडला आहे. हे मृत्युपत्र मी स्वखुशीने करत आहे. दडपण आणण्याचा प्रयत्न मुलाने केला होता, तो फसला. यापूर्वी मी असा दस्तऐवज केलेला नाही; कोणी दाखवलाच तर तो खोटा समजावा.

माझ्या मागे माझे यजमान, एक मुलगा आणि एक सून आहे. यजमानांना दिसत नाही. पुढचे सगळे त्यावरूनच घडले, म्हणून आधी सांगितले.

कलम १. राहते घर यजमानांच्या हयातीपर्यंत त्यांचे. त्यांना तिथून कोणी हलवू नये, ‘जरा हवापालट’ म्हणूनही नाही. खुर्च्या-टेबलेही हलवू नयेत, ती त्यांना पाठ आहेत. त्यांच्यानंतर घर कोणाचे ते कलम ४ मध्ये आहे. मुलाने एकदम तिकडे उडी मारू नये, क्रमाने वाचावे.

कलम २. माझ्या दवाखान्याची जागा मुलाला द्यावी. आतला खुर्चीवरचा दिवा मात्र काढून कॉलेजातल्या कलेतिहासाच्या विभागप्रमुख बाईंना पोचता करावा. कारण लिहिते.

माझ्या यजमानांना अठराव्या वर्षी कलेचा इतिहास घेऊन पदवी करायची होती. सासरे म्हणाले, “चित्रं बघायला कॉलेज कशाला लागतं?” आणि त्यांना विमा कंपनीत चिकटवून दिले. तिथे ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघून धक्का कोणत्या बाजूने बसला ते ठरवण्यात त्यांची हयात गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी कॉलेजचा प्रवेश अर्ज आणला आणि त्याच वर्षी डोळ्यांनी दगा दिला. आधी अक्षरे गेली, मग चेहरे, मग उरलेले. तरी अर्ज घेऊन ते गेलेच. मी हात धरून बरोबर होते.

विभागप्रमुख बाई म्हणाल्या, “आजोबा, परीक्षेत पडद्यावर चित्र दाखवतात. तुम्ही ओळखणार कसं?”

“शेजारच्याने काय दिसतंय ते सांगितलं तर ओळखीन.”

“शेजारच्याने सांगितलं की त्याला कॉपी म्हणतात.”

हे घरी आले आणि जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावरून उठले. तिसऱ्या दिवशी मी जाऊन माझ्या नावाने अर्ज भरला. मला चित्रांत काडीचा रस नव्हता. गुडघेदुखी असलेल्या विद्यार्थिनीला दप्तर उचलायला माणूस आणता येतो का, एवढे विचारले. नियमात मनाई सापडली नाही. तेव्हापासून तीन वर्षे यजमान माझे दप्तर घेऊन पहिल्या बाकावर बसले. दिवा बाईंच्या टेबलावर लावावा. डोक्यात प्रकाश पाडण्याचा माझा हेतू नाही, तसा गैरसमज झाल्यास इलाज नाही.

कलम ३. माझी सर्व पुस्तके यजमानांना. ती त्यांना वाचता येत नाहीत हे मला माहीत आहे. ती आम्ही कशी वाचली ते मुलाला कधीच कळले नाही. तो हिशेबतपासनीस आहे. आम्ही प्रवेश घेतला तेव्हा तो म्हणाला होता, “बाबांना दिसत नाही, तुला कळत नाही. दोघं मिळून शिकणार काय?” प्रश्न रास्त होता. पहिला महिनाभर उत्तर नव्हते.

रोज दुपारी मी पुस्तक उघडून बसायची. “एक बाई बसली आहे,” मी सांगायची.

“कशावर?”

“खुर्चीवर.”

“उजेड कुठून येतोय?”

“अहो, बाई बसलीय, एवढंच आहे.”

“मग चित्रकाराने इतके दिवस काय केलं?”

मी चिडून पुन्हा पाहिले. उजेड खालून येत होता. बाईच्या हनुवटीखाली, मनगटाच्या आतल्या बाजूला. चित्रात नसलेली चूल कुठेतरी पेटलेली होती. हे मी सांगितले तेव्हा यजमान खुर्चीत पुढे सरकले आणि म्हणाले, “म्हणजे तिच्या पायांना ऊब लागतेय.” मी तोवर पस्तीसेक वर्षे लोकांच्या तोंडात उजेड पाडून पाहत आले होते. उजेडाची ऊब लागते हे मला तेव्हा समजले. त्या दिवसापासून अभ्यास माझाही झाला.

शेवटच्या वर्षी तोंडी परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. त्यांनी माझा प्रबंध चाळून एका परिच्छेदावर बोट ठेवले. “हे निरीक्षण तुमचं?”

“यजमानांचं.”

“ते कुठे शिकवतात?”

“ते बाहेर बाकावर बसलेत. माझं दप्तर घेऊन.”

परीक्षकांनी त्यांना आत बोलावले, एक छापील चित्र माझ्यासमोर ठेवले आणि म्हणाले, “करा, नेहमी करता तसं.” मी सांगत गेले, हे विचारत गेले. खिडकी डावीकडे, म्हातारा मधे, दाराशी मुलगी. यजमानांनी ठामपणे सांगितले की मुलगी आत्ताच बाहेरून आली आहे आणि म्हाताऱ्याला तिची चाहूल लागलेली नाही. परीक्षक म्हणाले, “पण तो तर तिच्याकडेच बघतोय.”

यजमान माझ्याकडे वळले. “तू म्हणालीस तो खिडकीकडे बघतोय!”

“डावीकडे बघतोय म्हणाले.”

“कुणाच्या डावीकडे?”

“त्याच्या!”

“मग खिडकी कुणाच्या डावीकडे होती?”

“माझ्या!”

पुढचे भांडण इथे नोंदवण्याचे कारण नाही. ते बरेच चालले. परीक्षकांनी मधे पडण्याचा प्रयत्न केला नाही, पाणी तेवढे मागवले. निकालावर त्यांचा शेरा होता: ‘पाहण्याची तळमळ उत्तम. डावे-उजवे कच्चे.’ त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही नाही.

कलम ४. यजमानांच्या पश्चात राहते घर सुनेला, एकटीला द्यावे. मुलाने इथे दोनदा वाचून खात्री करावी.

गेल्या वर्षी माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली. घरी आणल्यावर बोलायची बंदी होती. मला मरणाची भीती नव्हती, पण रोज दुपारी शेजारच्या खोलीत यजमान खुर्चीत नुसते बसून राहत आणि ती शांतता मला पलंगावर ऐकू येई. मी गेल्यावर हे असेच बसणार, हे मला दिसत होते. मुलाने त्यांना रेडिओ आणून दिला. त्यांनी तो लावला नाही.

सून भाजी निवडायला म्हणून तिथे जाऊन बसली. चित्रांचा आणि तिचा संबंध कॅलेंडरपुरता. टेबलावरचे पुस्तक उघडे होते. ती सहज म्हणाली, “बाबा, ही बाई नवऱ्यावर जाम भडकलीय. पाहुणे बसलेत म्हणून गप्प आहे.”

“कशावरून?”

“पंखा कसा धरलाय बघा ना... म्हणजे, मुठीत आवळलाय. आणि नवरा भोळेपणाचा आव आणून छताकडे बघतोय. ह्याने काहीतरी घोळ घातलाय.”

यजमान मोठ्याने हसले. माझ्या वर्णनांना ते कधी असे हसले नव्हते. मी तीन वर्षे उजेड आणि सावल्या सांगत बसले आणि या मुलीने पहिल्याच चित्रात घरातले भांडण शोधले. मला राग आला. उठून जाऊन तिच्यासमोरचे पुस्तक घ्यावेसे वाटले, पण टाके होते. मग मी भिंतीकडे तोंड करून रडले आणि त्यानंतर मला छान झोप लागली.

ती आता रोज येते. ‘भाजी निवडायला’ असेच सांगते. घर तिला या कामाचा मोबदला म्हणून देत नाही, तसा अर्थ मुलाने काढू नये. ती उद्या यायची थांबली तरी हे कलम कायम आहे.

कलम ५. शिवणयंत्र मोठ्या वन्संना. ते आपले आहे असे त्या लग्नापासून सांगत आल्या आहेत. ते त्यांचे नाही. तरी द्यावे.

कलम ६. कलेचा इतिहास या विषयातली बी.ए. पदवी, जी माझ्या नावावर आहे, ती मी यजमानांना देते.

वकीलबाईंनी इथे हरकत घेतली. पदवी ही मालमत्ता नव्हे, ती मृत्युपत्राने देता येत नाही, कलम निरर्थक ठरेल, म्हणाल्या. मी म्हटले, “मग खोडून टाका.”

यजमान शेजारीच होते. त्यांनी विचारले, “कोणता वर्ग आहे तिच्यात?”

“दुसरा.”

“राहू दे, खोडू नका,” ते म्हणाले. “पण मी बसलो असतो तर पहिला आला असता.”

त्यांच्या सांगण्यावरून कलम कायम ठेवले आहे.

वरील मजकूर मला आणि यजमानांना मोठ्याने वाचून दाखवला. तो बरोबर असल्याबद्दल खालील दोघांसमक्ष मी सही करत आहे. या दोघांना या दस्तऐवजातून काहीही मिळत नाही, हे त्यांनी हसतमुखाने मान्य केले आहे.

सही: लिहून ठेवणार, निवृत्त दंतवैद्य
साक्षीदार पहिले: आमचे डॉक्टर
साक्षीदार दुसरे: कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानाचे मालक
ठिकाण: राहत्या घराची पुढची खोली
दिनांक: अकरा नोव्हेंबर, दुपार