न उलटणारी ट्रॉली

अण्णा, तुम्ही गेलात त्याला नऊ वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी मनातल्या मनात पुष्कळ बोलले, पण एक गोष्ट दर वेळी वळसा घालून टाळली. आज ती लिहायला बसले आहे, कारण काल ऑफिसात नव्या गेमची मीटिंग होती आणि आमच्या साहेबांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, "गेम अवघड असल्याशिवाय मजा येत नाही, असं वाटतं का तुम्हाला?" तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे, उत्तर आधी आणि विचार नंतर. पण काल "सोमवारी सांगते," एवढंच म्हणाले आणि पाण्याची बाटली घेऊन गॅलरीत जाऊन उभी राहिले. पंधरा वर्षं हाच धंदा करणारी बाई, आणि एवढ्या साध्या प्रश्नाला दोन दिवसांची मुदत.

मी चौथीत असताना खंडेनवमीला तुम्ही मला कंपनीत नेलं होतं. सगळी मशीनं बंद, त्यांना झेंडूच्या माळा, पत्रा दाबून कापणाऱ्या पॉवर प्रेसला हळदकुंकू, आणि तुम्ही इस्त्रीच्या शर्टात, कुणी तरी पाहुणे असावेत तसे. प्रेसखाली पार्ट नीट बसावा म्हणून जो साचा असतो, ज्याला तुम्ही फिक्श्चर म्हणायचात, ते बनवणं हे तुमचं काम. तुम्ही पत्र्याचा एक तुकडा माझ्या हातात दिला. "बसव बरं उलटा," म्हणालात. मी उलटा लावून बघते, आडवा लावते, तिरका दामटते, पण तो काही बसत नाही. सरळ धरला तसा टक्कन बसला. "ह्यात चुकायचं म्हणलं तरी चुकता येत न्हाई, पोरी," तुम्ही म्हणालात, आणि आजूबाजूचे लोक हसले. तुमच्या उजव्या हाताची दोन बोटं अर्धीच होती. ती प्रेसमध्ये गेली हे मला माहीत होतं, पण ती बोटं आणि तो साचा यांचा संबंध लावायची अक्कल तेव्हा नव्हती. पुढे शिकले-सवरले तरी ती लवकर आली असं नाही.

आम्ही पाच जणांनी पिंपळे सौदागरला दुकानांच्या वरच्या दोन खोल्यांत पहिला गेम बनवला तेव्हा तुम्ही रिटायर झाला होतात. कल्पना आपल्या घरचीच होती. कांद्याच्या गोण्यांनी भरलेली ट्रॅक्टरची ट्रॉली खाचखळग्यांतून बाजारात पोचवायची. तुम्ही सुट्टीच्या दिवशी ती खरोखरीची चालवायचात. इथे फरक एवढाच की दोन अंगठ्यांनी चालवायची. तिसऱ्या टप्प्यावर एक तिरका लाकडी पूल होता. त्यावर गोण्या मागे घसरायच्या आणि ट्रॉली उलटायची. तुम्ही ओट्यावर बसून तो पूल खेळायचात. ट्रॉली उलटली की मांडीवर थाप मारायची, "पडली बगा भवानी!" म्हणायचं, आणि पुन्हा सुरू. आई म्हणायची, "आवं, खऱ्या ट्रॉलीला कदी येवढं बोल्ला न्हाई." तुम्हाला एवढं मोठ्यानं हसताना मी त्याआधी फारसं पाहिलं नव्हतं. पण ते हसू आहे हे मला तेव्हा दिसलं नाही. मला फक्त उलटणारी ट्रॉली दिसत होती.

मग एका रविवारी माझे ऑफिसातले चौघं आपल्याकडे जेवायला आले. पिठलं-भाकरी, खर्डा, सगळं झालं, आणि तुम्ही कौतुकानं फोन काढलात. पुलावर ट्रॉली उलटली. पुन्हा उलटली. तिसऱ्यांदा आमच्यातला एक जण म्हणाला, "काका, हा तर आमच्या गेममधला सगळ्यात सोपा पूल आहे!" तुम्हीही हसलात. "आसंल बाबा. पर माजी ट्रॉली ऐकंना, त्याला काय करू?" सगळे हसले, त्यात वाईट कुणाच्या मनात नव्हतं. मीच एकटी कानकोंडी झाले. तुमची ती अर्धी बोटं फोनच्या मागे धडपडत होती, स्क्रीनवर हळदीचा डाग पडला होता, आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "ठेवा ना अण्णा आता तो फोन. तुम्हाला नाही जमणार ते." तुम्ही लगेच ठेवलात. पाहुण्यांना ताक विचारायला उठलात.

त्या आठवड्यात मी ऑफिसात बसून तुमच्यापुरता वेगळा गेम केला. दिसायला तोच, फक्त त्यातली ट्रॉली काही केल्या उलटत नव्हती. गोण्या हलायच्या, पडायच्या नाहीत. अर्ध्या दिवसाचं काम. मला वाटलं, मी किती गुणाची मुलगी!

पुढच्या रविवारी आले तेव्हा तुम्ही ओट्यावर माझी वाटच बघत होतात. "पोरी, आदी हे बग," असं काही तरी म्हणत होतात, पण मी घाईत. "थांबा अण्णा, आधी नवीन अपडेट टाकते," म्हणून फोन तुमच्या हातातून काढूनच घेतला. परत दिला तेव्हा तुम्ही पुलापाशी आलात आणि ट्रॅक्टर चक्क मागे घेतलात. मला वाटलं, चुकीचं बटण दाबलं. मग ट्रॉली पलीकडे गेली. मी टाळ्या वाजवल्या. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, पुन्हा पुलावर आलात, आणि या वेळी भरधाव घातलीत. तरीही पलीकडे. तिसऱ्यांदा तुम्ही नुसता एक अंगठा टेकवून ठेवलात आणि दुसरीकडे बघत राहिलात. ट्रॉली आपली आपण बाजारात पोचली.

"तू ह्यात काय केलं का गं?"

"नाही हो अण्णा, तुमचा हात बसला आता."

तुम्ही फोन पालथा ठेवून म्हणालात, "जल्मभर मी चूक व्हऊ न्हाई म्हनून फिक्श्चर केली. तिथं चुकलं की बोट जातं. हितं काय जातंय, पोरी? हितं तरी चुकू द्यायचं मानसाला."

तेव्हा कबूल करायला काय हरकत होती? तुम्ही तर दार उघडून देत होतात. पण मी पुन्हा म्हणाले, "खरंच काही नाही केलं." तुम्ही "बरं" म्हणालात. त्यानंतर तुम्ही तो गेम उघडला नाही आणि मीही विषय काढला नाही. पावसाळ्याच्या आधी तुम्ही गेलात.

हे एवढंच असतं तर मी तसंच दडपून ठेवलं असतं, खोटं कशाला बोलू. पण गेल्या महिन्यात आईनं तुमची हत्यारांची पेटी उघडली. कानस, गुण्या, फडक्यात गुंडाळलेली मापं, आणि खाली तुमची खिशातली वही. बहुतेक पानांवर साच्यांची चित्रं आहेत. शेवटच्या लिहिलेल्या पानावर मात्र माझा पूल आहे. पेन्सिलीनं, पट्टी लावून काढलेला, कंपनीच्या ड्रॉइंगसारखा. ट्रॉली, गोण्या, बाण. खाली तुमच्या अक्षरात: पुलाआधी थोडं मागं घेणे. जोरात येऊन ब्रेक मारणे, माल पुढं बसतो. मग सावकाश. आणि त्याखाली: जमलं. रविवारी पोरीला दाखवणे.

मी तो जुना खरा गेम शोधून काढला आणि तुम्ही लिहिलंय तसं केलं. ट्रॅक्टर मागे घेतला, जोरात येऊन ब्रेक मारला, गोण्या पुढे सरकून बसल्या, आणि ट्रॉली सावकाश पलीकडे गेली. अण्णा, हा मार्ग आम्हा पाच जणांपैकी कुणालाही ठाऊक नव्हता. आम्ही सगळे वेगानं काढायचो. तुम्ही तो पूल जिंकून माझी वाट बघत बसला होतात आणि मी येऊन तुमच्या हातातून फोन काढून घेतला.

उद्या साहेबांना काय सांगायचं ते मला अजून नीट माहीत नाही. अवघडच हवा, असं म्हणवत नाही. कित्येक माणसं दिवसभर कंपनीत राबून येतात, त्यांना दहा मिनिटं सोपं काही हवं असेल तर मी कोण नाही म्हणणारी? चुकायची सोय मात्र हवी, एवढं सांगेन. आणि माणूस स्वतः मागत नाही तोवर त्याच्या हातातलं काढून घेऊ नये. हे तुमचं आहे असं तिथे सांगायचं धाडस होईल की नाही, कोण जाणे.

आज रविवार आहे. मी ओट्यावर बसून तुमच्याच वहीत, तुमच्या पुलाच्या पुढच्या पानांवर हे लिहिते आहे. पानं फाडणार नाही, वही पुन्हा पेटीत कानशीखाली जाईल. त्याआधी एवढंच. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तो बदल मी तुमच्या आनंदासाठी केला. तसं नव्हतं, अण्णा. त्या दिवशी माझ्या माणसांसमोर मला तुमची लाज वाटली होती.