धक्क्यावरच्या आजीबाईंना नाही कोण म्हणणार?

तीर्थस्वरूप मामांना साष्टांग नमस्कार.

तुमची प्रकृती कशी आहे, गुडघा काय म्हणतो, हे अगदी मनापासून विचारते आहे (उत्तर जरा सविस्तर पाठवा, मागच्या वेळी नुसतं "बरा आहे" आलं, आई तेच उलटून पालटून वाचत बसली होती). इकडे आम्ही दोघी ठीक. म्हणजे आई मजेत आहे आणि माझं काम जायच्या बेतात आहे.

मी पोटासाठी नेमकं काय करते हे तुम्हाला कधी पटलेलं नाही, म्हणून पुन्हा सांगते. टीव्हीला जोडून कन्सोलवर खेळायचे नवे गेम बाजारात आले की मी साप्ताहिकात त्यांचं परीक्षण लिहिते, तेही ज्यांना त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण सुट्टीत सोफ्यावर पाय घेऊन थोडं खेळावंसं वाटतं, अशांसाठी. अडचण अशी की माझे अंगठे आता फार सराईत झालेत, मला काही अवघडच वाटत नाही. म्हणून आमच्या संपादकीणबाईंचा दंडक आहे: कंट्रोलर नवख्या माणसाच्या हातात द्यायचा आणि आपण शेजारी बसून बघायचं. आमच्या घरातलं नवखं माणूस म्हणजे आई. (ती कंट्रोलरला रिमोट म्हणते आणि गाडी वळवायची असली की स्वतःच वळते.) आजवर तिने एका ड्रॅगनला "हट, हट" करून हाकललं, मोटारींच्या शर्यतीत थांबून मागच्यांना वाट दिली, आणि माझी परीक्षणं झकास निघत गेली.

या खेपेचा गेम मात्र वेगळाच निघाला. एक नदी, लाकडी धक्का, सुटायला तयार असलेली नाव. पलीकडच्या गावात एक कंदील पोचवायचा, बस्स. वेळ संध्याकाळची. पाणी आधी केशरी, मग हळूहळू जांभळं होतं, आणि लांब कुठेतरी कुणी वल्हं मारत असतं. धक्क्यावर एक आजीबाई जाळं विणत बसलेल्या. जवळून गेलं की विचारतात, जरा बसतेस का गं? खाली दोन बटणं, हो आणि नाही. आईने अर्थातच हो दाबलं. त्यांनी सरकून जागा दिली. मग त्या काहीबाही सांगतात, एखादा बगळा उडतो, आणि पुन्हा विचारतात, अजून थोडं? नाही म्हटल्याशिवाय नाव सुटत नाही. मामा, आठवडा होत आला, नाव जागची हललेली नाही.

म्हातारं माणूस बस म्हणतंय आणि तोंडावर नाही म्हणायचं, हे तुला कुणी शिकवलं, असं आई मलाच विचारते. अगं, त्या खऱ्या नाहीत, असं मी समजावलं, तर म्हणाली, हळू बोल, ऐकतील. शेवटी ती आंघोळीला गेलेली बघून मी दंडक बाजूला ठेवला आणि स्वतःच नाही दाबलं. आजीबाई म्हणाल्या, बरं, जपून जा हो. आणि जाळं मांडीवरून उतरवून नदीकडे बघत राहिल्या. मी सेव्ह न करता गेम बंद केला, परत लावला, आणि मुकाट्याने त्यांच्याशेजारी जाऊन बसले. आई केस पुसत आली आणि तीही टेकली.

खरं सांगू? फार बरं वाटतं तिथे. दुपारी पडदे ओढले की ती संध्याकाळ खोलीभर पसरते. भिंत केशरी, पाण्याचा पेला केशरी, आईचे पांढरे केससुद्धा केशरी. आपण बोलतो ते आपोआप हळू होतं. वरच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टरीणबाई कसलीशी तक्रार घेऊन आल्या आणि तक्रार विसरून बसल्या (वर खुर्चीत कुणीतरी तोंड उघडून वाट बघतंय, हे त्यांना बऱ्याच वेळाने आठवलं). मला तर कधीकधी नदी सोफ्याखालूनच वाहते आहे असं वाटतं. परवा मी पाय वर घेतले, भिजतील म्हणून.

पण संपादकीणबाईंना नदीचं काय! शुक्रवारी परीक्षण हवं, आणि हा गेम सुट्टीच्या दोन दिवसांत पुरा होतो का, हे त्यात हवंच, नाहीतर सदर राशिभविष्यवाल्यांकडे जाईल, असं त्यांनी बजावलंय. (पुढचं काही न बघता लिहायची त्या भविष्यवाल्यांना सवयच आहे.) मी रडकुंडीला आले आहे, मामा. हे सदर गेलं तर दुसरं काहीसुद्धा मला येत नाही. आईचा सल्ला असा, की लिहून टाक, गेम चांगला आहे, बसायला जागा आहे.

असो. मामींना नमस्कार. लोभ असेलच, असल्यास कळवावा.

तुमची भाची

ता.क. पत्र खरं तर यासाठी. आपल्या अख्ख्या घराण्यात तोंडावर नाही म्हणू शकणारं माणूस एकच, ते म्हणजे तुम्ही. स्वतःच्या लग्नात फोटोग्राफर हसा म्हणाला तर तुम्ही नाही म्हणालात, आणि ते फोटोत स्पष्ट दिसतं. तेव्हा शुक्रवारच्या आत या आणि एवढं एक बटण दाबून जा. चहा झाला की मोकळे.

ता.क. दुसरा. आईला आत्ता हे सांगितलं. ती म्हणाली, दादा कसला येतोय, दरवर्षी बोलावते, दरवर्षी नाही म्हणतो. मग टीव्हीतल्या आजीबाईंकडे बघत म्हणाली, आलाच तर त्याला लगेच रिमोट देऊ नकोस, माझ्याशेजारी बसू दे थोडा. मामा, शुक्रवार हुकला तरी चालेल, राशिभविष्यवाल्यांचं भलं होवो. पण तुम्ही या. नाही म्हणायचंच असेल, तर इथे येऊन म्हणा.