बाबांची तालीम

९ जानेवारी
हात उगारला आणि तसाच वर ठेवून वसंतराव म्हणाले, "मास्तर, मले जमून नाई राह्यलं. तुमचे वडील मारत कसे होते?"
पहिल्या फटक्यानंतर मी जमिनीवर होतो, प्रवेशाप्रमाणे. उठलो, कपडे झटकले. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. पट्ट्याने, म्हणालो.
"थे लिहिलेलंच हाय जी. चेहरा कसा होत होता?"
चेहरा आठवला नाही. तालीम तिथेच थांबवली.
नाटक माझं. मुलाचं काम मीच करतो, बापाचं वसंतराव. आणि बापाचा चेहरा माहीत नाही.

११ जाने.
तोच प्रवेश, चार वेळा. मुलगा म्हणतो, "बाबा, मले पोरी नाई आवडत. पोट्टे आवडतात." मग पट्टा. माझं वाक्य दर वेळी अर्ध्यात अडकतं. व. वैतागले. "तुमी बोलान तवा तं मी मारीन ना!" सगळे हसले. मीही.
खरं तर हे वाक्य मी कधीच बोललो नाही. सतरा वर्षांचा होतो. बाबांना माझ्या वहीत चिठ्ठी सापडली, वर्गातल्या एका मुलाला लिहिलेली. त्यांनी ती वाचली, घडी घातली, काही विचारलं नाही. त्यानंतर तीन वर्षं मारत होते, कारणं वेगवेगळी. चिठ्ठीचा विषय मात्र कधी निघाला नाही.
म्हणजे ज्या वाक्यावर नाटक उभं आहे, तेच बनावट.

१६ जाने.
व. हिंगणघाटला जाऊन आले. थेट बाबांच्या घरी. एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते, पत्ता काढणं त्यांना अवघड नाही.
"नट हावो जी मी. माणूस पाह्यल्याबिगर कसा करू?"
नाटकाचं सांगितलं नाही म्हणाले. तुमच्या मुलाच्या ओळखीचा, एवढंच. बाबांनी चहा केला. आई गेल्यापासून स्वतःच करतात. साखर फार.
रागवायला हवं होतं. विचारलं ते भलतंच, बरे आहेत का.
"मले काऊन इचारता? जाऊन पाहा ना."
सहा वर्षं झाली. आईच्या तेराव्यानंतर गेलो नाही.

२१ जाने.
व. पुन्हा गेले होते. या वेळी स्वतःच्या घरची बिघडलेली पाण्याची मोटर घेऊन. बाबा कापसाच्या जिनिंग कारखान्यात फिटर होते. दोन तासांत चालू करून दिली, वर जेवू घातलं.
व. आता उठताना गुडघ्यावर तळवा टेकतात. बोलण्याआधी घसा खाकरतात, दोनदा. हे मी सांगितलेलं नाही. आज ते विंगेतून आले आणि मी सरकलो. मागे भिंत होती.

२५ जाने.
"एक बोलू का, मास्तर? पट्ट्याचा प्रवेश जरासा हलका केला तं? माणूस तसा नाई वाटत जी."
दाखवण्यासारखं पाठीवर आता काही उरलेलं नाही. आहे तसंच ठेवा, म्हणालो. आवाज चढला.
घरी येऊन पूर्ण नाटक वाचलं. बाप कागदावर फार पातळ आहे. पट्टा आणि ओरडणं, बस. व.ना भेटलेला माणूस त्यात कुठेच नाही. मला भेटलेला तरी आहे का? की मी इतकी वर्षं स्वतःलाच

२८ जाने.
व.नी बाबांना प्रयोगाला बोलावलं. मला न विचारता.
नाटक कशावर आहे ते सांगितलंत?
"सांगतलं."
सगळं?
"सगळंच सांगतलं जी. लपवून काय करू, पाहतीनच ना."
मग काय म्हणाले?
"म्हणे, किती वाजता हाय."

३१ जाने.
प्रयोग रद्द करता येईल. घसा बसला म्हणता येईल. ते वाक्य तेवढं गाळताही येईल, कोणाला कळणार. बाबांसमोर ते बोललो की मग बनावट राहणार नाही.
बोलण्याची किंमत काय, ते कळत नाही. मी छत्तीस वर्षांचा आहे. आता कोण मारणार आहे.

२ फेब्रुवारी
प्रयोग झाला. संध्याकाळी सहाला.
पडद्याच्या फटीतून पाहिलं. बाबा चौथ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर. पांढरा सदरा. वाळलेत.
वाक्य बोललो. पूर्ण. मागून कोणीतरी शिटी मारली, कोणीतरी "चूप बे" म्हणालं. आता व.नी झेप घ्यायची. घेतली नाही. मनगटावरचं घड्याळ काढलं. सावकाश. फळीवर ठेवलं. मग पट्टा काढला.
हे लिहिलेलं नाही. तालमीत कधी झालं नाही. मी कोणाला सांगितलेलं नाही, कारण मलाच आठवत नव्हतं. पट्टा उठायच्या आत मी खाली बसलो होतो, डोकं गुडघ्यांत. नाटकात तिथे मी उभा असतो.
रंगपटात व.ना विचारलं. मोटर दुरुस्त करताना बाबांना घड्याळ काढताना पाहिलंत का?
"नाई जी. त्यायनंच सांगतलं. दुपारी आलते इथं, तुमी जेवाले गेलते तवा. म्हणे, हात उचलाच्या पयले घड्याळ काढत जाजो. मी काढत होतो. काच फुटते." त्यांनी आरशाकडे बोट केलं. "अन् आपलंच काढून देलं."
घड्याळ आरशासमोर होतं. चावीचं. काचेला तडा नाही.
बाबा पडदा पडताच निघून गेले होते.

३ फेब्रु.
सकाळी आठला दार वाजलं. बाबा होते. रात्री व.कडे राहिले म्हणाले. मी आधी मनगट पाहिलं. मोकळं होतं. घड्याळ पुढे केलं, घेतलं नाही. दोनदा खाकरून त्यांनी विचारलं, "दुसरा प्रयोग कवा हाय?" ठरला नाही, म्हणालो. बसा म्हणायचं राहिलं. नऊच्या एस.टी.ने ते हिंगणघाटला गेले. घड्याळ माझ्याकडे आहे.